पप्पा पाव भाजत होते

ओहायो, ९ फेब्रुवारी १९९७

प्रिय एकी,

नाताळचं तुझं कार्ड जानेवारीच्या शेवटी पोचलं. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाने बहिणीचा पिनकोड चुकवावा, याला काय म्हणावं? असो. माझा गुडघा आहे तसाच आहे. इथे बर्फ पडून पडून काळा पडलाय, आणि व्हर्ननला जाऊन चार वर्षं झाली तरी अंगणातला बर्फ उपसताना मी त्याच्याच नावाने खडे फोडते.

आता कामाचं. डेलला पप्पांचा कोट हवाय.

दचकू नकोस, सगळं सांगते. माझा लेक आता छत्तीस वर्षांचा झाला. लोकांच्या घरातले हीटर दुरुस्त करतो, बायको सोडून गेली, मूलबाळ नाही. दोन वर्षांपासून त्याला एक नाद लागलाय. इथे दुसऱ्या महायुद्धाचे खेळ करणारी मंडळं असतात. शनिवार-रविवारी कोणाच्या तरी शेतावर जमायचं, निम्म्यांनी अमेरिकन व्हायचं, निम्म्यांनी जर्मन, खोटी काडतुसं उडवायची, आणि लोकांनी पोराबाळांना घेऊन मक्याची कणसं खात ते बघायचं. डेल जर्मनांत आहे. पण तो बंदूक घेत नाही. त्याने चाकांवरची एक भट्टी स्वतः बनवलीय. पुढे लढाई चालू असताना तो मागे उभा राहून काळा पाव भाजतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लोणी लावून देतो. पाव माझ्याच पद्धतीचा. "माझे आजोबा जर्मन सैन्यात होते, पण सगळं युद्ध त्यांनी पाव भाजण्यात घालवलं," असं तो लोकांना सांगतो. त्याला याचा केवढा अभिमान आहे, तुला कल्पना नाही.

तर त्याला खरा कोट घालून उभं राहायचंय, आणि खांद्यावर पप्पांच्या तुकडीचा खरा नंबर लावायचाय. ट्रंक तुझ्या माळ्यावर आहे. तेवढं शोधून पाठव. ते शेवटचे रजेवर आले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू तीन, त्यामुळे तुला तर काहीच आठवत नसणार. मलाही फार नाही. पिठाचा वास, आणि त्यांच्या खांद्यावरून दिसणारी नदी. एवढ्यावर मी इथे अडतीस वर्षं चर्चच्या जत्रेत 'पप्पांचा पाव' खपवलाय.

गुडघ्यासकट तुझी,
ट्राउडी

सॅक्सनी, २ मार्च १९९७

प्रिय ट्राउडी,

सात हा आकडा आम्ही मधोमध रेघ मारून लिहितो. तुमच्या यंत्रांना तो कळत नाही, हा माझा दोष नाही.

कोट नाही. कसर लागली होती, आई गेल्यावर टाकून दिला. नंबर मला माहीत नाही.

आणि असता तरी दिला नसता. ती वर्दी घालून इथे कोणी रस्त्यावर आला, तर पोलीस उचलून नेतील आणि बरंच करतील. तुमच्याकडे युद्ध म्हणजे रविवारची सहल. तुमच्या डोक्यावर छप्पर कधी कोसळलं नाही, म्हणून तुम्हाला त्याची मजा वाटते. माझी कात्रिन लाइपझिगला इतिहास शिकवते हे तुला ठाऊक आहे. दरवर्षी ती वर्गाला घेऊन वायमारजवळच्या छळछावणीच्या स्मारकात जाते. परत येताना बसमध्ये एकही पोर तोंड उघडत नाही, असं ती सांगते. आम्ही इतिहास असा शिकवतो. तुम्ही त्याला लोणी लावून खाता.

व्हर्ननचं ते पिस्तूल अजून तुझ्या उशाशी ड्रॉवरमध्ये असेलच. ज्या देशात म्हाताऱ्या विधवा पिस्तुलाशेजारी झोपतात, त्या देशाला आणखी कसला खेळ हवा असतो, मला कळत नाही. डेलला म्हणावं, एवढीच हौस असेल तर तुमच्याच घोडदळाची वर्दी घाल. रेड इंडियनांची गावं उठवणाऱ्यांची. ते कोणी खेळत नाही वाटतं?

मला कंटाळा आलाय या सगळ्याचा. तू रागावशील, पण मला हे लिहायलाच हवं होतं.

एकहार्ट

ओहायो, २३ मार्च १९९७

प्रिय एकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि इस्त्री करायला घेतली. राग आला की मी इस्त्री करते. या वेळी भांडी पुसायची फडकीसुद्धा सुटली नाहीत.

तुम्ही, तुमच्याकडे, तुमचा देश! मी तुझी बहीण आहे की अमेरिका? पिस्तूल आहे ड्रॉवरमध्ये. मला ते आवडत नाही, पण उशाशी असतं ते दिसतं तरी. गेल्या उन्हाळ्यात समोरच्या घरातल्या माणसाने कुंपणाच्या भांडणावरून सख्ख्या मेव्हण्याला गोळी घातली. लोकांनी दोन आठवडे दारात फुलं ठेवली, त्याच्या बायकोला डबे नेऊन दिले, तिसऱ्या आठवड्यात घर विकायला निघालं. इथे हे असंच चालतं आणि मला त्याचा शीण येतो. पण इथला माणूस माणसाला मारतो तो रागाने, दारूने, मूर्खपणाने. आपल्याकडे यादी करून, सही-शिक्क्यानिशी मारलं. यातलं सुसंस्कृत कोणतं, ते तूच ठरव.

आता तुझं बघू. तू पाठवलेला फोटो माझ्या फ्रिजवर आहे. तू, तो कौलं बसवणारा आणि तो दातांचा डॉक्टर, तिघे डोक्याला पिसं लावून, तोंडाला रंग फासून तंबूपुढे उभे. दर जुलैला दोन आठवडे तुम्ही सॅक्सनीचे पोस्टमन आणि डॉक्टर लाकोटा जमातीचे रेड इंडियन बनता आणि घोडदळाने मारलेल्या बायकापोरांसाठी उसासे टाकता. बरोबर आहे, मेली ती माणसं. आमच्या मागच्या ओढ्याला त्यांचं नाव आहे, शाळेच्या फुटबॉल संघाला त्यांचं नाव आहे, आणि गावात त्यांच्यातला माणूस औषधालाही नाही. डेलच्या हे गावीही नाही, ते मी कबूल करते. पण तुला कोणाच्या तरी दुःखाची वस्त्रं अंगावर घालायचीच होती, तर आपल्या गल्लीत कमी होती का? टोप्यांच्या दुकानवाले ज्यू रोझेनबाउम नाहीसे झाले तेव्हा आई म्हणाली, "परगावी गेले." त्यांच्यासाठी तू किती तंबू ठोकलेस? जे आपण मारले नाहीत त्यांच्यासाठी रडायला सोपं जातं, एकी. तुलाही आणि इथल्या लोकांनाही.

आणि कोट टाकून दिलास म्हणे! आई गेल्यावरच्या पत्रात तूच लिहिलं होतंस, ट्रंकेत ताज्या डांबरगोळ्या टाकल्या, कोट अजून नव्यासारखा आहे. खोटं बोलायची तुला सवय नाही, म्हणून जमत नाही.

नंबराचं मात्र आता राहू दे. जुन्या सैनिकांची कागदपत्रं ठेवणारं बर्लिनचं कार्यालय डेलने शोधून काढलं. नातू असल्याचा दाखला जोडून त्याने अर्जही टाकला. जर्मन मीच लिहून दिलं.

ट्राउडी

सॅक्सनी, २० एप्रिल १९९७

प्रिय ट्राउडी,

तो अर्ज मागे घ्यायला सांग. उत्तर यायला वर्ष लागतं, मला चौदा महिने लागले होते. म्हणजे अजून वेळ आहे.

हो, मीही अर्ज केला होता, ९१च्या शरदात. बर्लिनची भिंत पडल्यावर इथे प्रत्येक जण काही ना काही शोधत होता. कोणी गुप्त पोलिसांकडची आपली फाईल, कोणी गेलेली जमीन. मी म्हटलं, पप्पांचं थडगं शोधू. ९३च्या जानेवारीत दोन पानं आली. थडग्याचा पत्ता नव्हता. बाकी होतं.

पप्पा ऑगस्ट १९४२ पर्यंत पाव भाजणाऱ्या तुकडीत होते. मग त्यांची बदली बेलारूसमधल्या एका रखवाली पलटणीत झाली. रखवाली हा त्या कागदावरचा शब्द. पलटण कुठे कुठे होती, त्या गावांची नावं आणि तारखा खाली होत्या. दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून मी लाइपझिगच्या मोठ्या ग्रंथालयात गेलो आणि ती नावं पुस्तकांत शोधली. एकच सांगतो. फेब्रुवारी १९४३, एक लहान गाव, एकशे बारा माणसं. बंडखोरांना आसरा दिला म्हणून सगळ्यांना धान्याच्या कोठारात घातलं, दारं खिळ्यांनी ठोकली आणि आग लावली. त्यानंतर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून, आणखी चार गावं आहेत.

पप्पांनी काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही. ते कुठे होते, एवढंच लिहिलंय. दारं ठोकणारे असतील, रॉकेल ओतणारे असतील, कोणी लांब रस्त्यावर पहारा देत उभे असतील. गेली चार वर्षं मी पप्पांना त्या रस्त्यावर उभं करतो. काही दिवशी तेही जमत नाही.

आईला मी ते वाचून दाखवलं होतं. ती बटाटे सोलत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा पाव भाजत होते." मग म्हणाली, "मीठ संपत आलंय." पुढच्या वर्षी ती गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

तुला कळवलं नाही, कारण पप्पांचं म्हणून तुझ्याजवळ तेवढंच होतं. तू माझ्यावर जे जे फेकलंस ते सगळं खरं आहे. उंटावर बसून मी तुला जे शहाणपण शिकवलं, ते फक्त कोट लपवायला. कोट माळ्यावर आहे, नव्यासारखा.

कात्रिनला यातलं काही माहीत नाही. ती वर्गाला गृहपाठ देते, घरी विचारून या, आजोबा युद्धात काय करत होते. शाळेत असताना तिने मला विचारलं होतं आणि मी आपल्या घरातलं ते वाक्य तिला दिलं. तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं. आता वाटत नाही, पण मी दुरुस्ती केलेली नाही.

डेलला थांबव.

एकी

सॅक्सनी, ३० जून १९९७

प्रिय ट्राउडी,

दहा आठवडे झाले. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही, दुसऱ्यांदा डेल होता. माझं इंग्रजी तुला ठाऊकच आहे. "मॉम ठीक आहे, मॉम थकलीय," एवढं कळलं.

शिव्या दे, पण लिही. तू गप्प बसलीस की मला आईचं ते बटाटे सोलणं आठवतं.

एकी

ओहायो, १७ ऑगस्ट १९९७

प्रिय एकी,

दोन महिने मी पाव केला नाही. चर्चमधल्या बायकांना वाटलं, सांधे धरलेत. मी हो म्हटलं.

डेलला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. तो सँडविच खात होता. खायचा थांबला, नीट ऐकलं आणि म्हणाला, "अगं मॉम, पन्नास वर्षं झाली. तू थोडीच केलंस ते? मीही नाही केलं. सोडून दे आता." मग उरलेलं सँडविच संपवलं. सगळं मिळून पाच मिनिटं. तू म्हणतोस तो अमेरिकन मला त्या क्षणी समोर बसलेला दिसला, आणि त्याला मी जन्म दिला होता. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

पण मी माझ्या मुलाला ओळखलं नव्हतं. जुलैत जत्रेच्या मैदानावर त्यांचा मोठा खेळ होता. डेल भट्टी घेऊन गेला, मलाही बरोबर नेलं, सावलीत घडीच्या खुर्चीवर बसवलं. पीठ त्याने स्वतः मळलं होतं, मीठ कमी पडलं होतं. लोक रांगेत आले. प्रत्येकाच्या हातात पाव देताना तो म्हणत होता, "माझे आजोबा ऑगस्ट बेचाळीसपर्यंत पाव भाजत होते. त्यानंतर त्यांच्या पलटणीने एकशे बारा माणसांना कोठारात कोंडून जाळलं." आवाज न चढवता, हीटरमध्ये काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगतो तसं. पहिल्या बाईने पाव परत ठेवला. एकाने "अस्सं?" म्हणून आणखी एक तुकडा मागितला. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "कोठारात मुलं पण होती?" डेल म्हणाला, "हो."

मंडळाचा प्रमुख रँडी धावत आला. अंगावर अमेरिकन कॅप्टनचे कपडे, गळ्यात दुर्बीण.

"डेल, अरे काय चालवलंयस तू? लोक पोराबाळांना घेऊन आलेत!"

"दोन वाजता तू इथे चाळीस माणसं मारणार आहेस, रँडी."

"ती उठतात ना रे शेवटी," रँडी म्हणाला. "हे वेगळं आहे."

त्याला भट्टी विझवायला लावली. मंडळातून नाव काढलं. गेल्या दोन वर्षांत त्याला जे मित्र मिळाले होते ते सगळे तिथलेच होते. आता तो शनिवारी माझ्याकडे येतो आणि गवत कापतो. कापून झालेलं गवत पुन्हा कापतो.

आता मी लपवलेलं सांगते. तू एकटाच नाहीस.

त्रेचाळीसच्या एप्रिलमध्ये पप्पा दहा दिवस रजेवर आले होते. आजोबा आजारी, आपल्या बेकरीची भट्टी कधी पेटते कधी नाही, सगळी गल्ली पावासाठी दारात. आणि पप्पांनी दहा दिवसांत एकदाही भट्टीचं दार उघडलं नाही. आई पेटवा म्हणाली की मला खांद्यावर टाकून बाहेर निघून जायचे. मी जगाला खांदा सांगितला, नदी सांगितली, भट्टी कधी सांगितली नाही, कारण बेकरीवाला भट्टीला पाठ दाखवतो ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती. तुझं पत्र आल्यावर मी तारखा जुळवल्या. कोठार फेब्रुवारीतलं. रजा एप्रिलमधली. एकी, त्यांना आग बघवत नव्हती. त्यांनी जे केलं असेल ते असेल, पण ते त्यांना सोसलं नाही. मला याच्यापेक्षा जास्त काही नको. एवढ्यावर मी दिवस काढू शकेन.

तू कात्रिनला सांगितलंस का? तुम्ही मंडळी दगडावर कोरून ठेवता आणि माळ्यावर झाकून ठेवता. मला त्या दोन्हींचा कंटाळा आलाय.

ट्राउडी

सॅक्सनी, २१ सप्टेंबर १९९७

प्रिय ट्राउडी,

सांगितलं. लाइपझिगला गेलो. कात्रिन वह्या तपासत बसली होती. मी कोट पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, कारण कुठून सुरुवात करावी ते सुचेना. मी सगळं सांगितलं, तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "आजोबांचं नंतर बघू, बाबा. अकरा वर्षं मी परक्यांच्या मुलांना घरी विचारायला पाठवतेय. आणि तू चार वर्षं गप्प बसलास?"

"तुला त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

"निम्मी मुलं हेच उत्तर घेऊन येतात. आजीला त्रास नको म्हणून आजोबांनी सांगितलं नाही, आम्हाला त्रास नको म्हणून बाबांनी. मी त्यावर लाल शाईने शेरा मारते."

मला लाज वाटली, ट्राउडी. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला एवढी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. निघताना मी विचारलं, कोट जाळून टाकू का? ती म्हणाली, "जाळू नकोस. आपल्या घराण्याने जाळलंय तेवढं पुरे झालं." तो तिने ठेवूनही घेतला नाही. मी पिशवीत घालून परत आणला.

तेव्हापासून तिचा फोन नाही. दर रविवारी अकरा वाजता यायचा.

जुलैत मी तंबूंना गेलो नाही. दातांचा डॉक्टर विचारायला आला होता, बरं नाही म्हणून सांगितलं. तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. डोक्यावर पिसं चढवताना आता मला रोझेनबाउमांच्या दुकानातल्या, मी कधी न पाहिलेल्या टोप्या दिसतील.

डेलने केलं ते मला जमलं नसतं. त्याला सांग, त्याच्या मामाने मान खाली घातलीय.

भट्टीचं तू लिहिलंस ते वाचलं. तू तारखा बरोबर जुळवल्यास. त्यांना बघवत नसणार. ते घट्ट धरून राहा.

एकी

ओहायो, १ मार्च १९९८

प्रिय एकी,

बर्लिनचं उत्तर आलं. डेलने पाकीट न फोडता माझ्याकडे आणलं, "तूच वाच" म्हणाला, आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

तीन पानं आहेत. तू दोन म्हणाला होतास.

तिसरं पान लहानच आहे. २२ मे १९४३. म्हणजे रजेवरून परत गेल्यावर महिन्याभराने. पाव भाजणाऱ्या तुकडीत माणसं कमी पडली म्हणून पप्पांना परत बोलावलं होतं. पप्पांनी लेखी कळवलं, की आहे त्याच जागी राहू द्यावं. मंजूर. खाली त्यांची सही आहे. पहिलं अक्षर मोठं काढून त्याला शेपटी, तू काढतोस तशीच. त्यानंतरची चार गावं तू मला मागेच सांगितली होतीस.

हे पान पाच वर्षं तुझ्याकडे होतं. माझं भट्टीचं पत्र वाचलंस तेव्हाही होतं, आणि तू लिहिलंस, तू तारखा बरोबर जुळवल्यास. खोटं बोलायला तुला जमत नाही असं मी म्हटलं होतं, तो शब्द मागे घेते. मी चिडलेली नाही. चिडायला अंगात जोर लागतो. तू ते मायेपोटी केलंस हे मला कळतं, आईनेही मायेपोटीच केलं असेल. फक्त पुन्हा माझ्यावर अशी माया करू नकोस.

मग भट्टीचं काय, याचा मी आठवडाभर विचार केला. पहाटे दोनला उठायचं, छातीत पीठ भरायचं, वर आजोबांच्या शिव्या खायच्या. बाराव्या वर्षापासून त्यांनी तेच केलं होतं. एकी, कदाचित त्यांना पाव भाजायला आवडतच नव्हतं. एवढंच असेल. रजेवर आलेला माणूस नावडतं काम टाळत होता. नंतर तेच काम पुन्हा पुढे आलं, तेव्हाही टाळलं. बाकीचं त्यांना चाललं.

मी डेलला हाक मारून सगळं भाषांतर करून सांगितलं. या वेळी तो "सोडून दे" म्हणाला नाही. बर्फ काढायचं फावडं घेतलं आणि अंधार पडेपर्यंत शेजाऱ्यांच्या वाटासुद्धा साफ केल्या.

कात्रिनचं मला पत्र आलं. तुला आलं नसेल तर येईल, ती मवाळतेय. ती लिहिते, हे विसरून चालणार नाही, आत्या. इथल्या पाद्रीबाबांना सांगितलं तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, देवाने केव्हाच माफ केलंय, आता पुढे चला. दोघंही चांगली माणसं आहेत. दोघांचंही बरोबर असेल.

पण मला पप्पा आवडतात. तिसरं पान वाचून झाल्यावरही आवडतात, मी तपासून पाहिलं. इथे म्हणतात विसर, तिथे म्हणतात विसरू नकोस. अशा माणसावर जिची माया आहे, त्या बाईने कुठल्या देशात राहायचं, हे मात्र दोन्हीकडे कोणी सांगत नाही.

तुझी,
ट्राउडी